कूलरचं खुराडं

मोटार जळालेला कूलर
भंगारवाल्याने नव्वद रुपयांत मागितला,
म्हणून दिला नाही.
वाळा काढला, पंखा काढला,
आत आडवा बांबू ठोकला.
मानेवाड्याच्या आमच्या परसात, पेरूखाली,
आता ते खुराडं आहे
आणि आत कोणी नाही.

एकतीस वर्षं शाळेत कारकून होते.
दाखल-खारीज रजिस्टर उघडून बघा,
माझ्या अक्षरात खाडाखोड सापडणार नाही.
कोंबड्यांचंही तसंच करायचं ठरवलं :
वहीत मधोमध रेघ,
डावीकडे अस्सल, उजवीकडे संकरित.

असील. वर्षाला पन्नास-साठ अंडी, तीही मनात आलं तर.
खुडूक बसते, पिल्लं स्वतः काढते,
घारीवर धावून जाते.
बेणं मोडत नाही.

संकरित. दीडशेच्या वर. पाचव्या महिन्यात सुरू.
खुडूक बसणं जवळपास विसरलेली.
दोन वर्षांनी परत हॅचरीच्या दारात उभं राहा.
तिच्या अंड्यातून तिच्यासारखीच निघेल
याची हमी नाही.

ही शेवटची ओळ दोनदा वाचली.
माझ्या लेकीची तरी
हमी कोणी दिली होती?

कामठीला गेले. कुद्दूसभाईंनी
कोंबडा काखेत धरून त्याची चोच पुसली,
सात पिढ्या सांगितल्या,
त्याच्या पणजोबाला अहो-जाहो करत.
मला माझ्या आजोबांपलीकडचं नाव येत नाही.
किंमत ऐकली आणि पाणी मागितलं.

मग हिंगण्याला, कुळमेथेच्या शेडवर.
"हिचा बाप कोणता?"
"बाप एकीकडचा, माय दुसरीकडची.
कायले पाह्यता मॅडम?
ऊन सोसते, अंडे देते, आनखी का पाह्यजे?"

एका जूनमध्ये माझ्या खिडकीशी
असंच एक जोडपं उभं होतं.
मधे मुलगा, एका पायात चप्पल.
रकान्यावर माझं पेन थांबलेलं.
ती म्हणाली, यांची लिहा.
तो म्हणाला, हिची लिहा, काय फरक पडते.
नियम एकच होता. मी नियम लिहिला.
अक्षर फार सुरेख आलं होतं.

चार तांबड्या घेतल्या, तीन महिन्यांच्या.
पाचवी कुळमेथेने वर टाकली,
उघड्या मानेची, कोणी नेत नव्हतं म्हणून.
"ही कोणती?"
"ही हाय अशीच."
वहीत ती रेघेच्या कुठल्याच बाजूला बसेना.
समासात लिहिली.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला.
कूलरवर ओलं पोतं टाकलं,
म्हणजे जळक्या मोटारीने पुन्हा नोकरी धरली.
तरी एक तांबडी दुपारी तीनला गेली,
सकाळचं अंडं देऊन.
उघड्या मानेची मात्र टाकीच्या कडेवर
म्हातारीने पदर खाली सोडून बसावं तशी
वारा घेत होती.

आणि आता ती खुडूक बसली आहे,
तिघींच्या अंड्यांवर.
अगं, परसात कोंबडा नाही,
मी तिला सांगितलं, मराठीत सांगितलं.
तिने चोच मारली. रक्त आलं.
आज अकरावा दिवस.
दाणे हातावर धरले तर खाते,
उठत नाही.

काल मानमोडीच्या लशीसाठी कार्ड मिळालं.
मालकाचं नाव, पत्ता, पक्षी किती,
आणि त्याखाली, अर्थातच,
जात.

पेन उघडलं.
बाकीचं सगळं आधी भरलं.
मग शेजारच्या पोरीला हाक मारली, दुपारची बस विचारली,
आणि कुद्दूसभाईंना फोन लावला :
पाच अंडी द्याल का,
कोणाचीही चालतील,
फक्त आत कोणीतरी असलेली.